प्रकल्प नोंदी: फाय काढताना जीसीडी शून्य का यायचा

४ जानेवारी २०२५

आजपासून नोंदी ठेवतेय, कारण मागच्या महिन्यात जे जे ठरवलं त्यातलं निम्मं आता आठवत नाहीये. आम्ही लिहितोय तो कंपायलर (प्रोग्रॅमचं प्रोसेसरच्या सूचनांत भाषांतर करणारा) छोटा आहे, फक्त ३२ बिटांचे पूर्णांक, फंक्शन, जर, जोवर, छापा, बस. लेक्सर आणि पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना, म्हणजे सिंटॅक्स ट्री, काढणारे भाग) धाकट्या भावाने लिहिलाय, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला हाच विषय आहे, पार्सरनंतरचं सगळं माझ्याकडे. सिंटॅक्स ट्रीमधून सरळ असेंब्ली काढायचा मोह झाला होता पण मग ऑप्टिमायझेशन करायचं कशावर? मधला कोड पाहिजेच. आमच्या आयआरचे, म्हणजे या मधल्या कोडचे, कीवर्ड आम्ही मराठीतच ठेवलेत, दिवसभर ऑफिसात इंग्रजी लॉग वाचून आल्यावर रात्री हा डंप (छापून काढलेला मधला कोड) वाचायला डोळ्यांना बरं पडतं.

आज बेसिक ब्लॉक, म्हणजे मधे कुठे उडी नसलेले सूचनांचे तुकडे, पाडायचं काम झालं. नियम जुनाच, पहिली सूचना, जिथे उडी येते ती सूचना, आणि उडीच्या लगेच नंतरची सूचना, इथून इथून नवीन ब्लॉक सुरू. टेस्टसाठी युक्लिडचा जीसीडी (मसावि) घेतलाय, तो असा दिसतो:

प्रवेश:
  जा मथळा
मथळा:
  जर ब == ० तर बाहेर नाहीतर गाभा
गाभा:
  त = अ % ब
  अ = ब
  ब = त
  जा मथळा
बाहेर:
  परत अ

१०७१ आणि ४६२ दिले, उत्तर २१. बरोबर. हेच दोन आकडे कायमची टेस्ट म्हणून ठेवतेय.

५ जानेवारी

डॉमिनेटर ट्री, म्हणजे कुठला ब्लॉक कुणाला डॉमिनेट करतो (त्याच्यातून गेल्याशिवाय दुसऱ्याला पोचताच येत नाही) याचं झाड. लेंगावर आणि टार्जनची १९७९ ची पद्धत मोठ्या ग्राफला जलद आहे पण लिहायला अवघड, आपल्याला दहा-वीस ब्लॉकच्या फंक्शनला ती कशाला हवी, म्हणून राइस युनिव्हर्सिटीच्या कूपर, हार्वी आणि केनेडी यांची २००१ ची सोपी पद्धत घेतली. ब्लॉकला पोस्टऑर्डर नंबर (आधी पुढच्या ब्लॉकना, मग स्वतःला) द्यायचे, मग दोन ब्लॉकचा समान पूर्वज शोधायला दोन बोटं ठेवायची, ज्याचा नंबर लहान ते बोट एक पायरी वर न्यायचं, दोन्ही एकाच जागी आली की थांबायचं. पन्नास ओळींत काम झालं. सकाळी सुरू केलं, जेवायच्या आधी संपलं.

१२ जानेवारी

आठवडाभर ऑफिसचं रिलीज होतं, आज पूर्ण दिवस मिळाला. एसएसए (स्टॅटिक सिंगल असाइनमेंट) सुरू.

कल्पना साधी आहे, एका नावाला अख्ख्या फंक्शनमधे एकदाच किंमत द्यायची. अ ला तीनदा किंमत मिळत असेल तर अ०, अ१, अ२ अशी तीन नावं. मग कुठलीही सूचना बघून "हा अ नक्की कुठला" हा प्रश्नच उरत नाही, आणि पुढचे सगळे पास (कोड सुधारणाऱ्या फेऱ्या) त्यामुळे सोपे होतात. अडचण फक्त दोन वाटा जिथे एकत्र येतात तिथे, तिथे फाय ठेवायचा, म्हणजे या वाटेने आलात तर ही किंमत घ्या, त्या वाटेने आलात तर ती. फाय नेमके कुठे लागतात हे डॉमिनन्स फ्रंटियरवरून (ब्लॉकची डॉमिनेट करायची हद्द जिथे संपते ते पहिले ब्लॉक) काढायचं, ही सायट्रन, फेरांते, रोझेन, वेगमन आणि झाडेक या पाच जणांची १९९१ ची पद्धत. आज जीसीसी असो की एलएलव्हीएम, या दोन्ही मोठ्या कंपायलरच्या मधल्या कोडचा पाया एसएसएच आहे. जीसीसीत ते २००५ साली ४.० मधे आलं, म्हणजे पद्धत छापून आल्यावर चौदा वर्षांनी, आणि मला ते समजण्यासारखं वाटतं कारण चालू असलेल्या एवढ्या मोठ्या कंपायलरचं पोट बदलायचं म्हणजे खायचं काम नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते. त ला सुद्धा मथळ्यात फाय आला! त ची किंमत गाभ्यात ठरते, गाभ्याच्या फ्रंटियरमधे मथळा आहे, म्हणून नियमाने फाय बसला, पण मथळ्यात त कुणी वाचतच नाही, आणि पहिल्या फेरीला तर त ला किंमतच नाहीये. फाय(प्रवेश: काहीच नाही, गाभा: त१) असं विचित्र काहीतरी. उपाय असा की जी नावं ब्लॉकची हद्द ओलांडून वाचली जातात त्यांनाच फाय द्यायचे. दहा ओळींचा बदल, त चा फाय गेला.

१४ जानेवारी

नावं बदलायचा भाग पूर्ण. आईने तिळगूळ केलेत, डबा कीबोर्डच्या शेजारीच आहे. आत्ताचा डंप:

मथळा:
  अ१ = फाय(प्रवेश: अ०, गाभा: अ२)
  ब१ = फाय(प्रवेश: ब०, गाभा: ब२)
  जर ब१ == ० तर बाहेर नाहीतर गाभा
गाभा:
  त१ = अ१ % ब१
  अ२ = ब१
  ब२ = त१
  जा मथळा

खूप वेळ नुसती बघत बसले याच्याकडे. पुस्तकातली आकृती वेगळी आणि आपल्या कोडमधून बाहेर पडलेली वेगळी.

प्रोसेसरला फाय नावाची सूचना माहीत नाही, त्यामुळे शेवटी तो काढावा लागतो. ते पण आज करून टाकलं, प्रत्येक फायसाठी आधीच्या ब्लॉकच्या शेवटी एक कॉपी. गाभ्याच्या शेवटी अ१ = अ२, ब१ = ब२. उत्तर २१.

१८ जानेवारी

व्हेरिफायर लिहिला. प्रत्येक नाव एकदाच ठरलंय का, जिथे वाचलं तिथल्या आधी ते नक्की ठरलेलं आहे का म्हणजे डॉमिनेट करतंय का, फायला जितक्या वाटा तितक्याच किमती आहेत का, प्रत्येक ब्लॉक उडीने किंवा परतने संपतोय का. प्रत्येक पासनंतर हा चालणार. भाऊ म्हणाला ताई याने कंपायलर हळू होईल, मी म्हटलं होऊ दे की, आपल्याला घाई कुठाय.

१९ जानेवारी

कॉन्स्टंट प्रोपगेशन, म्हणजे ज्या नावाची किंमत आधीच कळते तिथे सरळ आकडा टाकणे. वेगमन आणि झाडेकची पद्धत, ती पण १९९१ चीच. प्रत्येक नावाची तीनपैकी एक अवस्था, अजून माहीत नाही, अमुक एक आकडा, किंवा आकडा सांगता येत नाही. अवस्था फक्त खाली सरकते, वर कधीच नाही, म्हणून काम कधीतरी संपतंच. छान गोष्ट ही की कुठली वाट चालूच शकत नाही हे पण त्याच वेळी कळतं, जर ० तर असं दिसलं की ती अख्खी फांदी विचारातच घेत नाही.

दुपारी कंपायलर स्वतःच मेला. प्रोग्रॅम नाही, कंपायलर! स्क्रीनवर फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन, आणि आमच्या भाषेत फ्लोटिंग पॉइंट नावालाही नाही. भावाने टेस्टमधे -२१४७४८३६४८ ला -१ ने भागलं होतं. खरं उत्तर २१४७४८३६४८, ते ३२ बिटांत मावत नाही, एक्स८६ ची आयडिव्ह सूचना अशा वेळी ट्रॅप करते (काम तिथेच थांबवते) आणि लिनक्स तो ट्रॅप त्याच जुन्या नावाने कळवतो. माझा फोल्डर (कॉन्स्टंट आकड्यांचा हिशोब आधीच करून टाकणारा भाग) कंपायल करतानाच हा भागाकार सी++ मधे करत होता म्हणून तोच आडवा झाला. बाकीला सुद्धा हेच, % केलं तरी मरतो.

यातून भाषेचा नियमच ठरवायला लागला. उत्तर मावत नसेल तर गुंडाळून परत -२१४७४८३६४८ आणि बाकी ०, जावात असंच आहे. शून्याने भागलं तर प्रोग्रॅम तिथेच थांबणार, आणि फोल्डरने शून्याच्या भागाकाराला हातच लावायचा नाही, तो तसाच चालू प्रोग्रॅमपर्यंत जाऊ द्यायचा. एक्स८६ वर शून्याचं काम आयडिव्ह आपोआप करते, उणे एकसाठी मात्र वेगळी तपासणी घालावी लागली. भावाला पुढे रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा बॅकएंड (शेवटी त्या प्रोसेसरच्या सूचना काढणारा भाग) करायचाय, तिथे उलटं, शून्याने भागलं तरी प्रोसेसर थांबत नाही, भागाकार -१ येतो आणि बाकी म्हणून मूळ आकडाच परत मिळतो, म्हणजे त्याला शून्याची तपासणी स्वतः घालावी लागणार.

२६ जानेवारी

कॉपी प्रोपगेशन आणि डेड कोड दोन्ही झाले. अ२ = ब१ असेल तर जिथे जिथे अ२ तिथे सरळ ब१ लिहायचं, मग अ२ कुणी वाचत नाही, मग ती सूचनाच उडवायची. गाभ्यात तीन सूचना होत्या तिथे आता एकच:

मथळा:
  अ१ = फाय(प्रवेश: अ०, गाभा: ब१)
  ब१ = फाय(प्रवेश: ब०, गाभा: त१)
  जर ब१ == ० तर बाहेर नाहीतर गाभा
गाभा:
  त१ = अ१ % ब१
  जा मथळा

व्हेरिफायर खूष. प्रोग्रॅम चालवला, उत्तर ०.

परत चालवला, २१. परत, २१. परत, ०.

झोपते.

१ फेब्रुवारी

एलएलव्हीएममधे एक सोय आहे, पहिले इतकेच पास चालव आणि पुढचे सोड असं सांगता येतं, आकडा अर्धा अर्धा करत गेलं की कुठल्या पासने घोळ केला ते सापडतं. आपल्याकडे तशी सोय अर्ध्या तासात बसली. कॉपी प्रोपगेशनच्या आधी थांबलं की कायम २१, ते चालवलं की कधी २१ कधी ०. म्हणजे गुन्हेगार सापडला असं समजून मी तो पास चार वेळा ओळ न् ओळ वाचला, कागदावर चालवून बघितला, रात्री अकराला भावाला फोन करून (तो हॉस्टेलला आहे) मोठ्याने वाचून दाखवला, तो म्हणाला ताई यात काहीच चुकलेलं नाहीये, आणि खरंच नव्हतं.

२ फेब्रुवारी

भावाच्या लॅपटॉपवर कायम २१ येतंय, पन्नास वेळा चालवून बघितलं त्याने. माझ्याकडे कधी हे कधी ते. एकच कोड, एकच इनपुट, मग बदलतंय काय? मेमरीचे पत्ते. लिनक्स दर वेळी पत्ते हलवतो, ते बंद करून चालवलं तर माझ्याकडे पण उत्तर एकच यायला लागलं, कायम ०. म्हणजे कंपायलरमधे कुठेतरी पॉइंटरच्या किमतीवरून क्रम ठरतोय.

सापडलं तासाभरात. ब्लॉकमधले फाय मी अनऑर्डर्ड मॅपमधे (ठरलेला क्रम नसलेला साठा) ठेवले होते, किल्ली म्हणजे व्हेरिएबलचा पॉइंटर. मॅपवर फिरताना आधी अ चा फाय येणार की ब चा हे हॅशवर अवलंबून. मॅप काढला, साधा व्हेक्टर टाकला, ज्या क्रमाने फाय बसवले त्याच क्रमाने निघणार. आता दोन्ही मशीनवर कायम २१.

इथे थांबता आलं असतं. पण टेस्ट हिरवी झाली म्हणून जीव काही शांत होईना, फाय काढायचा क्रम बदलल्यावर उत्तर का बदलावं? १४ तारखेला तर कुठल्याही क्रमाने चाललं असतं.

८ फेब्रुवारी

कळलं. वहीत लिहिलं तेच इथे उतरवते.

कॉपी प्रोपगेशनच्या आधी गाभ्याच्या शेवटी अ१ = अ२ आणि ब१ = ब२ अशा कॉपी होत्या, दोन्हींची उजवी बाजू वेगळी, डावीशी संबंधच नाही, कुठलीही आधी करा. नंतर त्या झाल्या अ१ = ब१ आणि ब१ = त१. आता ब१ एकीकडे वाचला जातोय आणि दुसरीकडे पुसला जातोय. अ१ = ब१ आधी केली तर ठीक. ब१ = त१ आधी केली तर?

अ१ १०७१, ब१ ४६२, त१ झाला १४७. ब१ मधे १४७ टाकला, ४६२ गेला तो गेलाच. मग अ१ = ब१, अ१ पण १४७. पुढच्या फेरीला १४७ % १४७ म्हणजे ०, ब१ शून्य, मग अ१ पण शून्य, लूप संपला, परत ०. हेच ते शून्य, इतके दिवस छळणारं.

ब्लॉकच्या डोक्यावरचे सगळे फाय एकाच क्षणी होतात, एकामागून एक नाही. सगळ्यांनी आधी जुन्या किमती वाचायच्या आणि मग सगळ्यांनी एकदम लिहायच्या. कॉपी प्रोपगेशनने काही मोडलं नव्हतं, त्याने दिलेला एसएसए पूर्ण बरोबर होता आणि व्हेरिफायर पण खरंच बोलत होता, चूक मी १४ जानेवारीला फाय काढताना केली आणि ती बारा दिवस झाकलेली राहिली कारण तेव्हाच्या त्या फालतू कॉपी मधे उभ्या राहून दोन किमती वेगळ्या ठेवत होत्या. मी अर्धं अर्धं करत शोधलं ते चूक उजेडात आणणाऱ्या पासवर जाऊन थांबलं. आणि व्हेक्टरने मिळालेलं २१ हे केवळ अ आधी आणि ब नंतर बसला म्हणून. हे तसंच सोडलं असतं तर कुणीतरी उलट्या क्रमाने व्हेरिएबल लिहिल्यावर परत शून्य.

९ फेब्रुवारी

दुरुस्ती. ब्रिग्ज, कूपर, हार्वी आणि सिम्प्सन यांनी १९९८ साली याच अडचणी नीट मांडून ठेवल्यात.

एका ब्लॉकच्या शेवटी जेवढ्या कॉपी करायच्या त्यांचा एक गठ्ठा करायचा. गठ्ठ्यात अशी कॉपी शोधायची जिची डावी बाजू बाकी कुणाला वाचायची नाहीये, ती लिहून टाकायची, गठ्ठ्यातून काढायची, परत शोधायचं. जीसीडीत अ१ = ब१ आधी निघते कारण अ१ कुणाला वाचायचा नाहीये, मग ब१ = त१. क्रम आपोआप बरोबर, फाय कसेही ठेवलेले असू देत.

शोधून शोधून अशी एकही सापडली नाही आणि गठ्ठा रिकामा पण नाही, तर उरलेत ते नुसते फेरे. त्यासाठी अदलाबदलीची टेस्ट लिहिली, लूपमधे दर फेरीला क आणि ख एकमेकांत बदलायचे:

  क१ = फाय(प्रवेश: क०, गाभा: ख१)
  ख१ = फाय(प्रवेश: ख०, गाभा: क१)

इथे कुठलाही क्रम घ्या, एक किंमत मरतेच. दोन्ही हातांत पेला असेल तर अदलाबदल करायला एक तरी आधी टेबलावर ठेवावा लागतो. तसंच, म = क१, मग क१ = ख१, मग ख१ = म. एका फेऱ्याला एक जास्तीची कॉपी, बाकी कुठे काही वाढत नाही.

आता व्हेरिफायरमधे एक मुद्दाम खोड घातलीय, टेस्ट मोडमधे फाय काढायच्या आधी त्यांचा क्रम रँडम ढवळायचा. हजार वेळा चालवलं, २१, २१, २१. भावाने त्याच्या मशीनवर हजार वेळा चालवलं आणि फक्त "ताई झालं" एवढाच मेसेज टाकला.

जाता जाता, क्रिटिकल एज. ज्या ब्लॉकमधून दोन वाटा निघतात त्यातून, ज्यात दोन वाटा येतात अशा ब्लॉककडे जाणारी वाट. तिथे कॉपी ठेवायला हक्काची जागा नसते. आमच्या जोवर लूपमधे अशी वाट येतच नाही, गाभा नेहमी साध्या जा ने मथळ्याकडे जातो. वाट फोडायचा कोड आज लिहिला नाही, पण भावाने आग्रह करून व्हेरिफायरमधे एक तपासणी टाकली, फाय काढताना अशी वाट दिसली तर थांब.

१५ फेब्रुवारी

लूपमधून न बदलणारा हिशोब बाहेर काढणे. जोवर च < न, स = स + क / ख. क आणि ख लूपमधे बदलत नाहीत, मग दर फेरीला भागाकार कशाला, एकदाच बाहेर करा. लिहिलं, चाललं, आणि मग भावाची टेस्ट: न शून्य, ख शून्य. मूळ प्रोग्रॅम लूपमधे शिरतच नाही, भागाकार होतच नाही, गपचूप ० देतो. माझा ऑप्टिमाइझ केलेला मरतो.

बेरीज असती तर चाललं असतं, फुकट केली तरी कुणाला कळत नाही. भागाकार जिथे होणारच नव्हता तिथे करायचा हक्क मला नाहीये. लूपच्या आत जर मधे असेल तरी तेच, आणि लूपमधे भागाकाराच्या आधी छापा असेल तर आमच्या नियमाने आधी छापायचं आणि मग थांबायचं, तेव्हा तिथेही बाहेर काढता येत नाही. सीमधे शून्याचा भागाकार हा अनडिफाइंड (काय व्हावं हे भाषेने ठरवलेलंच नाही) असल्यामुळे तिथल्या कंपायलरला मोकळीक जास्त, आम्ही ती स्वतःहून सोडलीय आणि मला ते योग्यच वाटतं.

हाच विचार १९७९ साली मोरेल आणि रेनवॉइज यांच्या पार्शल रिडंडन्सीच्या (काही वाटांवर उगाच परत होणारा हिशोब टाळायच्या) पद्धतीत आहे, ज्या वाटेवर हिशोब नव्हता तिथे तो नवीन लादायचा नाही, आणि त्यावर आपल्या आयआयटी मुंबईच्या धामधेरे सरांनी बरंच काम केलंय, हिशोब ब्लॉकमधे नाही तर वाटेवर ठेवायची त्यांची १९८८ ची मांडणी मला आज पहिल्यांदा मनापासून पटली, कारण जागेचा हा प्रश्न दुसऱ्यांदा समोर आलाय. पूर्ण पद्धत नंतर कधीतरी.

आत्तापुरता उपाय म्हणजे लूप फिरवणे. आधी एकदा जर च < न तपासायचं, खरं असेल तरच आत, आणि परतीची तपासणी गाभ्याच्या शेवटी. मग पहिली तपासणी आणि गाभा यांच्या मधे एक छोटा ब्लॉक मिळतो, तिथे पोचलो म्हणजे गाभा एकदा तरी चालणारच, भागाकार तिथे ठेवायचा.

१६ फेब्रुवारी

लूप फिरवला आणि व्हेरिफायर थांबला: क्रिटिकल एज. भावाची तपासणी. गाभ्याच्या शेवटी दोन वाटा, एक परत गाभ्याकडे, एक बाहेर, आणि गाभ्यात येणाऱ्या पण दोन. तपासणी नसती तर काय झालं असतं ते हाताने करून बघितलं:

गाभा:
  य१ = फाय(आधी: य०, गाभा: य२)
  य२ = य१ + १
  जर य२ < न तर गाभा नाहीतर बाहेर
बाहेर:
  परत य१

कॉपी य१ = य२ जर च्या आधी बसली असती, म्हणजे बाहेर जाताना सुद्धा य१ बदललेला, उत्तर एकने जास्त. न १० आणि य० शून्य असेल तर ९ च्या जागी १०. शून्य निदान डोळ्यात तरी भरतं, एकने चुकलेलं उत्तर महिनोन्महिने कुणाला कळलं नसतं.

वाट फोडायचा कोड लिहिला, मधे एक रिकामा ब्लॉक, कॉपी त्याच्यात. ९ आलं. भावाला फोन केला आणि सांगितलं की तुझ्या तपासणीने वाचवलं, त्याच्या मेसची वेळ होती, म्हणाला ताई जेवून येतो मग डंप बघू.

२२ फेब्रुवारी

सगळे पास, सगळ्या टेस्ट, फायचा क्रम ढवळून, दोन्ही मशीनवर हिरव्या. लूप फिरवायचा पास बंद ठेवून जीसीडीचा शेवटचा डंप काढला, गाभा असा निघाला:

गाभा:
  त१ = अ१ % ब१
  अ१ = ब१
  ब१ = त१
  जा मथळा

४ जानेवारीला जे होतं तेच, त्याच तीन सूचना, त्याच क्रमाने. कॉपी प्रोपगेशनने काढलेल्या दोन कॉपी फाय काढताना परत आल्या, कारण इथे त्या खरोखर लागतात. आता त्यातली कुठली रजिस्टर (प्रोसेसरमधल्या किमती ठेवायच्या जागा) वाटताना वाचवता येईल ते बघायचं, एक्स८६ वर आयडिव्ह बाकी ठरलेल्या एकाच रजिस्टरमधे ठेवते, पण ब१ ला तेच रजिस्टर देता येणार नाही, भागायच्या आधी त्यात भाज्याचा वरचा भाग ठेवावा लागतो. उद्या सकाळी लाइव्हनेस, म्हणजे कुठली किंमत पुढे कुठवर लागते ते.